हेरॉन रॉकची पेटी

२ सप्टेंबर १९९६
हेरॉन रॉक दीपगृह

दाभण आत्ताच अंगठ्यात घुसला, म्हणून वरच्या कोपऱ्यात डाग आहे. पुसला तर पसरतो. राहू दे.

तीन पानं शिवून झाली, चौथं चालू आहे. कापताना प्रत्येक पानाची बोटाएवढी कड पुस्तकात सोडलेली आहे, तिच्यावर पान टाचायचं. ऐकायला सोपं आहे. दोरा ओढला की कागद फाटतो, सैल सोडला की पान लोंबतं. बाबांना हे कसं जमायचं कळत नाही. तुला माहीत असेल. तू शेजारी बसून पुस्तक धरत असणार.

रोल्फ, मी सिग्ने. अक्षर ओळखणार नाहीस. तू घर सोडलंस तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि माझं अक्षर बरं होतं. पत्ता शेजारच्या दीपगृहावरच्या नॉर्मनने दिला. तो तुला दर नाताळला कार्ड पाठवतो हे मला गेल्या मंगळवारी कळलं. समुद्र सोडून मूज जॉ गावी गव्हाच्या शेतांत तू कसा राहतोस, हे विचारायला मी लिहीत नाही.

कामाचं लिहिते. व्हिक्टोरियातल्या एका संग्रहालयाला आपली पुस्तकांची पेटी हवी आहे. दीपगृहांवर फिरणाऱ्या पेट्यांपैकी थोड्याच उरल्या आहेत म्हणे. चार ऑक्टोबरला हेलिकॉप्टर न्यायला येईल. तिथल्या बाईंनी मला तीनदा बजावलं की काही दुरुस्त करू नका, आहे तशी द्या, आणि किल्ली असली तर फार बरं होईल. किल्लीसाठी मी इंजिनघरात जाऊन बाबांची हत्यारांची पेटी उघडली. ते निवृत्त होऊन दिवा माझ्याकडे आला त्याला बारा वर्षं झाली, तेव्हापासून तिला कुणी हात लावलेला नव्हता. किल्ली नव्हती. मेणकापडात बांधलेली छापील पानं होती, सोबत हा दाभण आणि दोरा. एकतीस. त्यांच्यावर एक यादी होती, कोणतं पान कोणत्या पुस्तकातलं. यादी तुझ्या अक्षरात आहे.

आपली ही पेटी त्रेसष्टच्या मे महिन्यात आली. नोव्हेंबरात सामानाच्या जहाजाने ती पुढच्या दीपगृहावर जायची होती, पण ती योजनाच बंद पडली आणि पेटी न्यायला कुणी आलं नाही. त्याआधीच्या पेट्या सहा महिने राहून जायच्या, त्यांतलं मला निम्मंही आठवत नाही. या पेटीतली चाळीस पुस्तकं मी तेहतीस वर्षं वाचते आहे. मला ती पाठ आहेत. त्यांतले खड्डेही पाठ आहेत. चाळीसपैकी अकरा पुस्तकांत पानं नाहीत. लहानपणी मी बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, पेटी अ‍ॅडिसन पॉइंटवरून येते, तिथली पोरं पानं फाडतात.

मी ते खरं मानलं. अ‍ॅडिसन पॉइंटच्या दीपगृहावर पोर एकच होतं, ते म्हणजे नॉर्मन. मी बारा वर्षांची असताना त्याने एकदा रेडिओवर विचारलं, काय वाचतेयस. मी म्हटलं, तू खाऊन उरवलंस ते. पुढची सहा वर्षं मी त्याच्याशी वारा आणि लाटा यांपलीकडे एक शब्द बोलले नाही. मी तिशीत असताना त्याने मला लग्नाचं विचारलं. मी नाही म्हटलं. कारण हे नव्हतं. पण हेही होतं.

तर मला एवढंच सांग, बाबांनी पानं का कापली, आणि तुला माहीत असताना तू गप्प का बसलास. चार ओळी पुरतील. टपालाची पिशवी गुरुवारी जाते.

सिग्ने


८ सप्टेंबर

पहिलं पत्र अजून तुझ्यापर्यंत पोचलंही नसेल. तरी लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायचं तर आधी सगळं समजावून द्यावं लागेल. माझी मदतनीस डोरीन शेजारच्या घरात राहते, तिला मी सांगून पाहिलं. ती म्हणाली, फाटकी पुस्तकं होती तर नवी का नाही मागवलीत.

सगळी पानं वाचली.

मला वाटलं होतं, बाबांनी बुडणारी माणसं काढून टाकली असतील. चहूकडे समुद्र, दोन पोरं, आई घर सोडून गेलेली. कुणीही तेच काढलं असतं. पण बुडणारे सगळे जागच्या जागी आहेत. हिरव्या पाठीच्या पुस्तकात होडी उलटून तीन भाऊ जातात, त्यातलं अक्षर हललेलं नाही. साथीच्या रोगाचं अख्खं प्रकरण आहे. एक फाशी आहे, चित्रासकट.

कापलेली पानं वेगळीच आहेत. लाल पाठीच्या पुस्तकात मिठागरवाल्याची बायको घर सोडून जाते, ते तुला आठवत असेल. मी धरून चालले होते की ती गेली ती गेलीच. पुढच्या प्रकरणात म्हातारा मिठागरवाला रोज जेवायला दोन ताटं मांडतो. मला वाटायचं, त्याला वेड लागलं. त्याच्या वेडाबद्दल मी शाळेच्या टपाल-अभ्यासात निबंध लिहिला होता आणि बाईंनी तांबड्या शाईने विचारलं होतं की हे कुठे वाचलंस. रोल्फ, ती परत येते. भर दुपारी, फाटकाची कडी स्वतः काढून. तो विचारतो, जेवलीस का. ती म्हणते, नाही. दोन पानांचं आहे सगळं. ती दोन पानं माझ्या हातात आहेत.

बर्फ तोडणाऱ्यांच्या पुस्तकातला मुलगा खाणीवरून परत येतो. न्यायाधीशाच्या पुस्तकातली बहीण परत येते, भांडते आणि राहते. आणि तुम्ही निसर्गाचं पुस्तकही सोडलं नाहीत. सॅमन मासे नदीत जन्मतात, समुद्राकडे जातात, प्रकरण संपतं. पुढचं पान यादीत आहे, पान एकशे सात: मासे अंडी घालायला त्याच नदीत परत येतात. चौदाव्या वर्षी मी एका कोळ्याशी वाद घातला होता की ओढ्यात दिसणारे मासे ते नव्हेत, हे वेगळे. तो हसून हसून होडीत बसला. मला वाटलं, अडाणी आहे.

एकतीस पानं. प्रत्येकावर कुणीतरी परत येतं.

आता माझी बाजू. सहासष्टच्या ऑगस्टमध्ये तू पिशवी घेऊन धक्क्यावर उभा होतास तेव्हा मी तुला म्हणाले, जातोस तर जा, गेलेली माणसं येत नाहीत. मी ते रागाने म्हटलं नव्हतं. मला ते पाणी ओलं असतं इतकं साधं वाटत होतं. तुझी चार पत्रं आली. पहिलं उघडलं. त्यात तू नाताळला येतो असं लिहिलं होतंस. मला वाटलं, माझी समजूत काढतोयस. बाकीची तीन मी उघडली नाहीत. ती अजून इथेच आहेत, बंद.

पंचाहत्तर साली माशांच्या कारखान्यातली एक बाई मला म्हणाली, तुझी आई बर्नबीत एका धुलाईघरात काम करते. तिने पत्ताही लिहून दिला. मी सहा वर्षं तो जवळ ठेवला. एक्याऐंशीत रुग्णालयाचं पत्र आलं आणि मग पत्त्याचा उपयोग उरला नाही. मी का गेले नाही? जाऊन काही होत नसतं, अशी माझी खात्री होती. ती कुठून आली, हे मला या आठवड्यापर्यंत कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, अनुभवातून.

सगळं पुस्तकांवर ढकलणं सोपं आहे, हे मला कळतं. पण माझ्याकडे दुसरं होतं काय? माणसं चार होती. एक गेली, मग दुसरा गेला. उरले बाबा, ते दिवसातून नऊ वाक्यं बोलायचे, त्यांतली आठ हवामानाची. जग कसं असतं हे मी त्या चाळीस पुस्तकांतून शिकले, आणि तुम्ही दोघांनी आधी त्यातून एक गोष्ट कापून घेतली होतीत.

उत्तर दे.

सिग्ने


२१ सप्टेंबर

तुझं उत्तर नाही. म्हणून आज बाबांना फोन केला. ते प्रिन्स रूपर्टच्या वृद्धाश्रमात आहेत, ब्याऐंशी पूर्ण झाली, कान गेले, डोकं शाबूत आहे. फोन म्हणजे अजून तोच रेडिओफोन. किनाऱ्यावरची सगळी दीपगृहं ऐकत असतात आणि ऐकत नसल्याचं सोंग करतात. बाबांना ऐकू यावं म्हणून मला ओरडावं लागलं.

"बाबा, पुस्तकांची पानं तुम्ही का कापलीत?"

"काय कापलं?"

"पानं. पेटीतल्या पुस्तकांची."

बाबा म्हणाले, "मी शिवायचो. कापायचा रोल्फ."

पुढचं त्यांनी तुकड्यातुकड्याने सांगितलं, मी सलग लिहिते. चुकलं असेल तर दुरुस्त कर. आई अठ्ठावन्नच्या सप्टेंबरात दोन आठवड्यांसाठी म्हणून जहाजावर चढली. त्या वेळच्या पेटीत एक निळं पुस्तक होतं, त्यात मुलीची आई जहाजातून परत येते. तू मला ते वाचून दाखवायचास. मी सहा वर्षांची होते. तेव्हापासून जहाज येणार असलं की मी ते पुस्तक घेऊन धक्क्यावर जाऊन बसायची. नोव्हेंबरात लाटेने मला उचललं. तू केसांना धरून मला वर ओढलंस. मला न्यूमोनिया आठवतो. लाट आठवत नाही. तू आठवत नाहीस.

त्याच आठवड्यात तू बाबांच्या दाढीच्या पात्याने ते पान कापलंस. बाबांनी पाहिलं आणि तुला एक थोबाडीत दिली, कारण पेटी सरकारी होती आणि आली तशी पुढे गेली पाहिजे हा नियम होता. मग ते बाहेर दिव्याची काच पुसून आले आणि म्हणाले, कापतोस तर पेटी जायच्या आधी मला परत शिवता येईल एवढी कड सोडत जा.

मी म्हटलं, हे मला कधीच का सांगितलं नाहीत? ते म्हणाले, तू विचारलं नाहीस. मी म्हटलं, विचारलं होतं, तुम्ही अ‍ॅडिसनच्या पोरांवर ढकललंत.

"मग काय सांगू?" बाबा म्हणाले. "पोरगा दहा वर्षांचा होता."

मग जेवणाची घंटा झाली आणि ते निघून गेले. फोन ठेवायला विसरले. पाच मिनिटं मी त्या आश्रमातल्या खुर्च्या सरकताना ऐकत होते.

पुढच्या वेळी सगळी दीपगृहं हवामान कळवायला लागली तेव्हा नॉर्मनचा आवाज आला. "अ‍ॅडिसन पॉइंट. वारा वायव्येकडून पंधरा, लाटा तीन फूट, पानं फाडणारी पोरं शून्य."

मी म्हटलं, "नॉर्मन, माझी चूक झाली."

"ऐकू नाही आलं."

"आलंय तुला."

"मला आलं गं. वरच्या अंगाच्या दीपगृहांना आलं नसेल."

मी पुन्हा म्हटलं. वरच्या अंगाच्या दोन दीपगृहांनी ऐकल्याचं कळवलं.

म्हणजे कापणारा तू. तीन आठवडे मी चुकीच्या माणसावर रागावले होते, त्याआधी तेहतीस वर्षं आणखी चुकीच्या माणसावर. निदान योग्य माणसावर रागावण्याची सोय तरी तुम्ही मला ठेवायची होती. तू तेव्हा दहा वर्षांचा होतास, तू मला पाण्यातून काढलंस, हे सगळं मला कळतं. पण शेवटची पेटी आली तेव्हा तू पंधरा वर्षांचा होतास. मी अकरा वर्षांची होते आणि धक्क्यावर जाऊन बसणं कधीच सोडलं होतं. तेव्हा का कापलीस? सवयीने?

मला हे पत्रात नको आहे. ये आणि तोंडावर सांग. चार ऑक्टोबरला हेलिकॉप्टर पेटीसाठी येईल ते पोर्ट हार्डीहून येईल, तिथवर बस आहे. मी पायलटला विचारलं, एक जागा रिकामी आहे. तीन दिवसांचा प्रवास आहे, मला माहीत आहे. मी तीस वर्षांत तुझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही.

सिग्ने


३ ऑक्टोबर

तू फोन ठेवलास त्याला दोन तास झाले. जे बोलता आलं नाही ते लिहिते. हे पत्र उद्याच्या हेलिकॉप्टरने जाईल आणि तुला मिळेल तेव्हा तू यातलं निम्मं विसरलेला असशील.

आधी हे की तुझा आवाज बाबांसारखा झाला आहे. मला वाटलं तेच आहेत, म्हणून मी पहिलं वाक्य ओरडले.

तू म्हणालास, येणार नाही. मी म्हटलं, सगळा किनारा ऐकतोय. तू म्हणालास, "ऐकू देत. मी तीस वर्षं कुणाला सांगितलं नाही, आता सगळ्यांना एकदमच कळू दे." नंतर जे सांगितलंस ते मी शब्द न बदलता लिहून ठेवते आहे. उद्या मीच ते माझ्या सोयीने आठवीन, म्हणून.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात आईचं तुला पत्र आलं. एका ओळीचं. येणार नाही, वाट पाहू नका. तू ते चुलीत टाकलंस आणि नव्या पेटीतली पुस्तकं घेऊन बसलास.

"म्हणजे ती पानं माझ्यासाठी नव्हती कापलीस," मी म्हटलं.

"नाही. ती माझ्यासाठी. तू वाचत होतीस, मला बघवत नव्हतं."

मग तू हसलास. तुझं हसणंही बाबांसारखं, शिंकेसारखं. म्हणालास, "आणि मग मीच गेलो, आणि चार पत्रं टाकून उत्तराची वाट बघत बसलो. परत येणारा माणूस तुला माहीतच नव्हता, मीच तो कापून ठेवला होता. माझ्याएवढा गाढव मूज जॉमध्ये दुसरा नाही, आणि इथे स्पर्धा बरी आहे." कुठल्यातरी दीपगृहावर कुणीतरी खोकलं. नॉर्मनच असणार.

मी म्हटलं, मग ये ना.

"मी आलो होतो," तू म्हणालास.

आणि तू पुढे सांगत गेलास. सहासष्टचा नाताळ. सामानाच्या जहाजावर खलाशांत जागा मिळाली. समुद्र खवळलेला होता, होडी खाली सोडता येईना. जहाजाने दोन फेऱ्या मारल्या आणि ते परत फिरलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत मी उभी होते, तू मला पाहिलंस. हात केलास. मी केला नाही.

मला ते जहाज आठवतं. त्या दिवशी दीपगृहाची वही मी लिहिली होती. तू फोन ठेवल्यावर जाऊन ती काढली. माझंच अक्षर: जहाज आलं, सामान उतरवता आलं नाही, परत गेलं.

मग तुझं दुसरं पत्र उघडलं. चार जानेवारी सदुसष्ट. त्या नाताळबद्दल आज जे म्हणालास ते सगळं त्यात आहे, खिडकीसकट. फक्त तेव्हा तू चिडलेला नव्हतास.

तिसरं आणि चौथं उघडलेलं नाही. एका दिवसाला एवढं पुरे.

शेवटी तू म्हणालास, "या खेपेला मी फेऱ्या मारणार नाही. तू ये. इथे लाट नाही, उतरायला फक्त बसची पायरी आहे." मी म्हटलं, दीपगृह कोण बघेल. तेवढ्यात दारातून डोरीन म्हणाली, "मी काय इथे गवत कापायला आलेय?" ती कधीपासून दारात उभी होती देव जाणे. तू ते ऐकलंस आणि फोन ठेवून दिलास. हे बरं केलं नाहीस. मला उत्तर देऊ द्यायचं होतंस.

काय दिलं असतं ते मला माहीत नाही. मला तुझा राग येतो, की तू पंधराव्या वर्षी एकटाच ते पत्र चुलीत घालून गप्प बसलास. आईचा येतो. बाबांचा येतो, आणि ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत म्हणून तो करता येत नाही, याचाही येतो. सगळ्यांत जास्त येतो त्या खिडकीतल्या चौदा वर्षांच्या मुलीचा. तिला हात हलवायला काय झालं होतं?

मी या खडकावरून दाताच्या डॉक्टरपलीकडे कुठे गेलेली नाही. बसने तीन दिवस कसं बसतात मला माहीत नाही. तुझ्या घरी कोण कोण आहे तेही नॉर्मनलाच विचारावं लागेल.

पेटी बांधून ठेवली आहे. एकतिसावं पान दुपारी शिवलं, ते सॅमन माशांचं. संग्रहालयाच्या बाईंना चिठ्ठी लिहिली की पानं मी शिवली, आणि पेटी आली होती तशी आता पहिल्यांदाच आहे. त्या चिडतील.

हेलिकॉप्टरमधली ती जागा पोर्ट हार्डीहून येताना रिकामी असणार होती. जातानाही ती रिकामीच असणार, हे मला आत्ता लिहिताना सुचलं.

सिग्ने


४ ऑक्टोबर
पोर्ट हार्डी

सकाळी धुकं होतं. दिसायला पाव मैल, वारा नाही, समुद्र सपाट. हेलिकॉप्टर आलं नाही. नऊ वाजता नॉर्मन स्वतःची बोट घेऊन आला. पेटी तिच्यात मावेना, ती डोरीन पाठवेल. मला बसायला जागा होती.